पडद्यामागच्या खुर्च्या

"रिकामी खुर्ची बोलणाऱ्याला खाते," हे सभापतींचं ठरलेलं वाक्य. नवा शिपाई कामावर रुजू झाला की त्याला ते पहिल्याच सकाळी ऐकावं लागे, आणि निवृत्त होणाऱ्यालाही निरोपाच्या हाराबरोबर पुन्हा एकदा ऐकून जावं लागे.

सभापती म्हणजे कुठल्या सभेचे निवडून आलेले पुढारी नव्हेत. ते विद्यापीठाच्या सभागृहाचे रखवालदार. किल्ल्या त्यांच्याकडे, माईक त्यांच्याकडे, पाण्याचे तांबे-पेले त्यांच्याकडे, खुर्च्या त्यांच्याकडे. कधीकाळी एक मिस्कील प्राध्यापक म्हणाले, "तुमच्याशिवाय सभा भरत नाही, म्हणजे खरे सभापती तुम्हीच." ते नाव असं चिकटलं की पगारपत्रकावरचं खरं नाव वाचताना कारकून थांबून विचारी, "हा कोण बुवा?"

सभागृह तसं साधंच. लांबोडकी खोली, एका टोकाला बुटका मंच, दुसऱ्या टोकाला भिंतभर निळा जाड पडदा. पक्क्या बसवलेल्या खुर्च्या तिथे नव्हत्या. होत्या त्या लोखंडी, घडीच्या, पडद्यामागे एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या. लग्नघरातल्या पाहुण्या बायका भिंतीला टेकून डुलक्या घेतात ना, तशा.

महिना उजाडला की विद्यापीठात पुढे काय काय होणार त्याचा मोठा कागद सभागृहाच्या दाराशी लागे. कुणाचं संशोधनावर व्याख्यान, कुणाच्या चित्रांचं प्रदर्शन, कुठल्या विभागाचं नाटक, कुठे गाणं. लोक तो कागद वाचून आपल्याला कुठे जायचं ते ठरवत. सभापती तो वाचून कोण येणार नाही ते ठरवत. उभ्या पिकाकडे बघून जाणता माणूस पोत्यांचा अंदाज सांगतो, तसे ते कागदासमोर हात मागे बांधून उभे राहत आणि पुटपुटत, "गोगलगायींची चाल? एक ओळ पुष्कळ. जुनी नाणी? दोन ओळी, तेही चहा असेल तर. विद्यार्थ्यांचं नाटक? सगळ्या काढा, आणि वर देवाचं नाव घ्या."

यात त्यांची एक कला होती. माणसं येणार त्याहून खुर्च्या थोड्या कमीच मांडायच्या. आलेले लोक जवळजवळ बसतात, खोली भरल्यासारखी दिसते, आणि बोलणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. आणखी कुणी आलंच, तर पडद्यामागून एकेक खुर्ची काढून द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. गोगलगायवाले म्हातारे संशोधक जाताना त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले होते, "आयुष्यात पहिल्यांदा माझी सभा भरली हो!" त्या वाक्यावर सभापतींनी पुढचं वर्ष आनंदात काढलं.

या कलेला एक नियमही होता. एकदा बोलणारा बोलायला लागला की खुर्ची हलवायची नाही. त्या लोखंडी खुर्च्या उघडताना अशा किंचाळत, की मांजराच्या शेपटीवर पाय पडला असं वाटावं. एवढ्यानं चांगल्या चांगल्यांच्या विचारांचा धागा तुटे. म्हणून व्याख्यान सुरू झालं की सभापती पडद्याआड जाऊन उभे राहत. उशिरा येणारे भिंतीला टेकत, नाहीतर परत जात.

सभापतींची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. मूलबाळ नव्हतं. थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, त्यांना आपल्या दोन खोल्यांत ओढून आणलं ते कायमचंच. ताईचा नवराही तोवर राहिला नव्हता. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिथे उकळत्या पाण्यात आणि औषधात धुतलं जाई. विद्यापीठाचे पडदेही वर्षातून एकदा तिथेच जात. ते पोचवायला आलेल्या माणसाकडूनच ताईला कळलं होतं की सभागृहाला रखवालदार हवाय. तिनं भावाचा सदरा स्वतः इस्त्री करून त्याला तिकडे धाडलं होतं. तेव्हा सभापतींची खुर्ची म्हणाल तर ती ताईनंच मांडलेली.

ताईची मुलगी लहानपणी झोपेतही बोलायची, म्हणून तिचं घरातलं नाव टिटवी. मामाच्या बोटाला धरून ती सभागृहात यायची, मंचावर चढायची आणि रिकाम्या खोलीला भाषण ठोकायची. मामा पडद्याला टेकून टाळ्या वाजवायचा. ती टिटवी शिकत गेली, शिकत गेली, आणि त्याच विद्यापीठात संशोधन करू लागली. विषय घेतला तो आईच्या हाताचा. धुलाईखान्यातल्या बायकांच्या हातांना कसल्या चिरा पडतात, औषधानं कातडी कशी सोलते, घरी गेल्यावर त्या काय लावतात, आणि डॉक्टरला का दाखवत नाहीत. दोन वर्षं ती धुलाईखान्याच्या दाराशी बसून बायकांचे हात हातात घेत होती. बायका म्हणायच्या, "ए टिटवे, हस्तरेषा बघतेस का? मला दुसरा नवरा आहे का ते सांग."

एका महिन्याच्या कागदावर तिचं नाव लागलं. तिचं पहिलं व्याख्यान. सभापती त्या कागदासमोर इतका वेळ उभे राहिले की माळ्यानं विचारलं, "काय, लॉटरी लागली का?"

आदल्या दिवशी टिटवी सभागृहात आली. "मामा, उद्या आई सगळ्या बायकांना घेऊन येणार आहे. खुर्च्या जास्त मांड हं."

"कामाची पाळी सुटायला उशीर होतो त्यांना. दमलेल्या असतात. नाही यायच्या गं."

"आईनं शब्द दिलाय."

"बघतो," सभापती म्हणाले.

बघतो म्हणाले, पण मनात त्यांचा हिशेब झाला होता. अख्खी जिंदगी माणसं मोजण्यात गेली, आपल्याला का कळत नाही? मागे पाच ओळी रिकाम्या दिसल्या तर पोरीचा घसा सुकेल. पहिलंच बोलणं आहे. त्यांनी विभागातले लोक आणि थोडे विद्यार्थी धरून तेवढ्याच खुर्च्या मांडल्या, पुढे सरकवून, छान अर्धगोलात. त्या दिवशीइतकी सुंदर मांडणी त्यांनी कधी केली नव्हती. मायेनं मांडली होती. सांगायचं ते हेच, की सगळं मायेनं झालं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खुर्च्या भरल्या. विभागप्रमुख बाई पहिल्या ओळीत बसल्या. टिटवी बोलायला उभी राहिली, सुरुवातीला जरा अडखळली, मग तिचा सूर लागला. सभापती पडद्याआड गेले आणि कापडाच्या फटीतून बघत राहिले. डोळे भरून आले होते म्हणून त्यांना आधी दार नीट दिसलं नाही.

मग दिसलं. दारात ताई उभी होती. कामावरून तशीच आलेली, बाह्या दुमडलेल्या, केसांवर धुलाईखान्याची पांढरी टोपी. तिच्या मागे बायकाच बायका. मागच्या पुढच्यांच्या खांद्यावरून डोकावत होत्या. औषधाचा तो ओळखीचा वास पडद्यापर्यंत आला.

सभापतींचा हात खुर्चीवर गेला. अगदी गेला. लोखंड बोटांना गार लागलं. आणि तो तिथेच थांबला. उघडली तर किंचाळेल. विभागप्रमुख बाई मागे वळून बघतील. पोरीचा धागा तुटेल. या एवढ्या बायका, या एवढ्या खुर्च्या, केवढा खणखणाट. आणि खरं सांगायचं तर, त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट येऊन गेली. ती त्यांनी पुढे कुणापाशी उच्चारली नाही, पण स्वतःपासून लपवलीही नाही. ती मांडणी इतकी देखणी झाली होती, आणि या टोप्या घातलेल्या, ओल्या चपलांच्या बायका तिच्यात कुठे बसवायच्या? जरा टाळ्या पडू देत, ते मनाशी म्हणाले. टाळ्या पडल्या की काढतो.

टाळ्या पडल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं.

संध्याकाळी जेवताना टिटवीनं पानावरून मान वर केली नाही. तशीच म्हणाली, "आई, तू शब्द दिला होतास."

सभापतींनी हातातला घास पानात ठेवला. आता ताई सांगणार. आलो होतो, जागा नव्हती, तुझा मामा पडद्यामागे होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

ताई म्हणाली, "सुट्टी नाही मिळाली गं."

"एकीलाही नाही?"

"काम निघालं."

"काम!" टिटवीचा आवाज चिरला. "दोन वर्षं मी तुमचे हात हातात घेऊन बसले. सगळ्या अनोळखी लोकांसमोर तुमच्याबद्दल बोलले, आणि तुमच्यातलं एक माणूस नाही! तुला माझ्या शिकण्याची लाजच वाटते, आई. कधीपासूनच वाटते."

"वाढू का भात?" ताई म्हणाली.

टिटवी उठून गेली. ताईनं भावाच्या पानात भात वाढला. त्यांनी तो खाल्ला.

ताई खोटं का बोलली? तिनं आपल्याला पाहिलं असेल का? नसेल. पडदा जाड आहे. पण मग सरळ जागा नव्हती असं का नाही म्हणाली? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सभापतींच्या मनात भर दुपारी चांदणं पडू लागलं. ताईनं पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला की त्यांना वाटे, कळलंय. तिनं हसून काही विचारलं की वाटे, कळूनही हसतेय. मायलेकींचं बोलणं तुटलं होतं. "मामा, आईला सांग मला उशीर होईल." "अरे, तिला सांग डबा ने." एका खोलीत बसून दोघी त्यांच्या तोंडून बोलत, आणि ते निरोप इकडून तिकडे नेत, आपल्या हातानं लावलेल्या आगीत पळीपळी पाणी घालावं तसे. खरं एक वाक्य सांगितलं असतं तर निरोप्याची गरज उरली नसती. ते वाक्य रोज जिभेवर येई आणि रोज गिळलं जाई.

सभागृहातही त्यांचा हात बिघडला. नाण्यांच्या व्याख्यानाला सगळ्या खुर्च्या काढून बसले, नाटकाला निम्म्याच. माळी म्हणाला, "सभापती, विरोधी पक्षात गेलात काय?"

पुढच्या महिन्याचा कागद लागला. त्यावर पुन्हा टिटवीचं नाव होतं. तिनं काढलेल्या हातांच्या फोटोंचं प्रदर्शन सभागृहाच्या शेजारच्या दालनात, आणि उद्घाटनाला सभागृहात तिचं बोलणं. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी दालनात ती शिडीवर चढून चौकटी टांगत होती आणि मामा शिडी धरून उभा होता.

"सरळ आहे का?"

"उजवीकडे किंचित खाली घे."

फोटोत एक हात होता. नुसता हात, पंजा उताणा. अंगठ्याच्या पेरावर खोल चीर, कोरड्या तळ्याच्या भेगेसारखी. सभापतींनी तो हात लगेच ओळखला. याच हातानं लहानपणी त्यांचं नाक पुसलं होतं.

"हा ताईचा."

"हं."

"तिला बोलावलंस?"

"कशाला? ज्यांना यायचं नव्हतं त्यांना पुन्हा कशाला त्रास?" टिटवीनं खिळ्यावर हातोडी मारली. "काम निघेल परत."

सभापतींना वाटलं, ती हातोडी आपल्याच छातीवर बसली.

"ती आली होती," ते म्हणाले.

हातोडी थांबली.

"सगळ्या आल्या होत्या. दारात उभ्या होत्या. मी पाहिलं."

"आणि तू कुठे होतास?"

"पडद्यामागे."

"आणि खुर्च्या?"

"त्याही पडद्यामागेच."

शिडी धरलेली होती, म्हणून त्यांना हात जोडता येईनात. खाली मान घालून ते सगळं सांगत गेले. टाळ्यांची वाट पाहिल्याचंही सांगितलं.

मग टिटवी म्हणाली, "मी तिला काय काय बोलले, मामा."

"ऐकलं मी."

"ऐकलंस. आणि भात खात बसलास."

ती खाली उतरली, हातोडी त्यांच्या हातात दिली आणि निघून गेली. खिडकीतून त्यांना ती रस्ता ओलांडून इस्पितळाच्या बाजूला जाताना दिसली, आधी चालत, मग पळत. चौकट वाकडीच राहिली होती. ती सरळ करायला सभापती शिडीवर चढले, पण त्या हाताला हात लावायचं धाडस होईना. तशीच ठेवून उतरले.

संध्याकाळी ताई एकटीच घरी आली. चपला काढता काढता म्हणाली, "सांगितलंस ना, गाढवा? मी झाकलं होतं की."

"झाकला डाग पक्का होतो, ताई. तुझ्याच धुलाईखान्यातलं शास्त्र."

"मला शास्त्र शिकवू नकोस." ती भिंतीला टेकून बसली. "तो पडदा वर्षाच्या वर्षाला मी धुते. किती आखूड आहे मला ठाऊक नाही? खालून तुझे बूट दिसत होते."

सभापतींनी आपल्या बुटांकडे पाहिलं. जणू त्यांनीच चहाडी केली होती.

"मग हाक का नाही मारलीस?"

"पोर बोलत होती. आणि तुझाच नियम, बोलताना आवाज नको. मी म्हटलं, आत्ता येईल, खुर्च्या काढेल. बूट हलले नाहीत." ती आपल्या अंगठ्याची चीर दुसऱ्या हातानं दाबत राहिली. "बायका म्हणाल्या, चल गं, हे आपल्यासाठी नाही. मी काय सांगणार होते? आतला माणूस माझा भाऊ आहे म्हणून?"

ताई चूल पेटवायला उठली. टिटवी आली तेव्हा तिनं ताट घेताना आईला थेट विचारलं, "लोणचं आहे का?" आणि आईनं थेट तिला सांगितलं, "फडताळात बघ." निरोप्याचं काम सुटलं होतं. त्याच्याशी मात्र दोघीही काही बोलल्या नाहीत.

उद्घाटनाच्या दिवशी सभापतींनी पडदा पूर्ण बाजूला सारून बांधून टाकला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या खुर्च्या मांडल्या. अर्धगोल नाही, काही नाही. सरळ ओळींवर ओळी, मागच्या भिंतीपर्यंत.

विभागप्रमुख बाई आल्या आणि दारातच थबकल्या. "सभापती, हे काय? एवढ्या? फोटोत सगळं रिकामं दिसेल हो."

"दिसू द्या, बाई."

"तुम्हीच म्हणता ना, रिकामी खुर्ची..."

"म्हणत होतो."

वेळ झाली. विभागातले लोक त्या ओळींत असे विखुरले की शेतात चार पाखरं बसावीत. टिटवी उभी राहिली. तिनं समोरच्या त्या रिकाम्या लोखंडाकडे पाहिलं, बोलायला लागली, आणि तिचा आवाज बसला. पाणी प्याली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पाणी. सभापती दारात उभे होते. जन्मभर ज्यातून ते प्रत्येक बोलणाऱ्याला वाचवत आले, ते आज आपल्याच पोरीच्या वाट्याला आपल्या हातानं मांडलेलं बघत होते. टिटवीनं सगळ्या बायकांना पुन्हा बोलावलं होतं, पण त्यांची पाळी अजून सुटायची होती. येतील का? या वेळी त्यांच्याकडे अंदाज नव्हता. मागच्या अंदाजानं तो अधिकार गेला होता.

बाहेर ओल्या चपलांचा फटफट आवाज आला. बायका आल्या आणि दाराशी येऊन, खोड असावी तशा, थांबल्या. सगळ्यांत पुढे जिचा आवाज मोठा म्हणून जिला सगळा धुलाईखाना भोंगा म्हणे, ती होती.

"काय हो सभापती, आज जागा आहे की पुन्हा नुसते बूट दाखवताय?"

मागून हशा पिकला. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सभापतींचे कान तापले. ते बाजूला सरले आणि म्हणाले, "या. कुठेही बसा."

बायका आत शिरल्या. खुर्च्या सरकल्या, किरकिरल्या, एक तर मिटून कुणाच्या बोटावर बसली आणि मोठ्यानं शिवी ऐकू आली. विभागप्रमुख बाईंनी मागे वळून पाहिलं. सभापतींनी नजर खाली घेतली नाही. मंचावर टिटवी थांबली होती. धागा तुटला होता.

"सावकाश बसा," ती म्हणाली. "मी पहिल्यापासून सांगते."

आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं. मध्येच भोंगा ओरडली, "ए, माझं जास्त सांगतेस हं, मी तसं नव्हते म्हणाले!" टिटवी म्हणाली, "म्हणाली होतीस, मावशी, वरून शपथ घातली होतीस." खोली हसली. मागच्या दोन ओळी शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या. त्यांनी कुणाला खाल्लं नाही.

ताई कडेच्या खुर्चीवर बसली होती. तिनं शेजारच्या खुर्चीवर थाप मारून भावाला खूण केली. सभापतींनी नकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं त्या खोलीत काढली, पण तिथे ते कधी बसले नव्हते, आणि सुरुवात करायचा हा दिवस नव्हे असं त्यांना वाटलं.

बोलणं संपलं तशा बायका दालनात आपापले हात शोधायला धावल्या. "हा माझा!" "अगं, तुझी नखं बघ आधी!" टिटवी त्यांच्या घोळक्यात होती. जाता जाता ती सभापतींपाशी थांबली. त्यांनी तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

"पुढच्या महिन्यात पुन्हा आहे माझं. खुर्च्या किती ते आईला विचार."

"बरं."

"माझ्याशी इतक्यात बोलू नकोस, मामा. बोलावंसं वाटेल तेव्हा मी येईन."

"बरं," सभापती पुन्हा म्हणाले.

त्यांनी खुर्च्या मिटायला घेतल्या नाहीत. किल्ल्यांचा जुडगा उचलला, वाजू नये म्हणून मुठीत आवळला, आणि मागचं फाटक लावायला म्हणून लांब ओसरीनं चालू लागले. खांदे जरा वाकलेले, पावलं नेहमीसारखीच सावकाश. दालनातून हसण्याचे आवाज येत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

ताई सभागृहाच्या दारात येऊन उभी राहिली होती, त्या दिवशी उभी होती तिथेच. ओसरीच्या टोकाला ते वळेपर्यंत ती त्यांच्या बुटांकडे बघत राहिली. हाक तिनं याही वेळी मारली नाही.